शून्य अपघाताचं वर्ष

माझं काम खुर्चीवरचं. कारखान्यात इतकी वर्षं काढली, पण यंत्राला कधी हात लावला नाही. हजेरी, रजा, पगाराच्या स्लिपा, नवीन माणसांचे कागद, असलं सगळं मी बघायची. त्यामुळे नोकरीतली भीती म्हणजे फार तर साहेबांची बोलणी, एवढंच मला माहीत होतं.

पेठच्या पुढं, हमरस्त्याला लागून आमचा कारखाना आहे. वाटाणा, मक्याचे दाणे, फरसबी हे सगळं निवडायचं, धुवायचं, गोठवायचं आणि पिशव्यांत भरून शीतगृहात ठेवायचं. आम्ही महाळुंगे पडवळचे. माझी थोरली जाऊ माझ्या आधीपासून तिथं पॅकिंगला होती, ठेकेदाराकडून. ऑफिसात कॉम्प्युटर येणारी बाई हवी आहे हे तिनंच घरी येऊन सांगितलं, म्हणून मला नोकरी लागली. सकाळी आम्ही दोघी एकाच गाडीनं जायचो. ती गाडीतून उतरली की पांढरी टोपी घालून खालच्या दारानं आत जायची आणि मी जिना चढून वर.

त्या वर्षी कंपनीनं नवं सॉफ्टवेअर घेतलं. कोणी काय काम करायचं, वर्षभरात कुठवर पोचायचं, ते आता त्यात टाकायचं होतं. पुण्याहून एक मुलगी शिकवायला आली. एकेकट्याचं उद्दिष्ट कसं लिहायचं ते तिनं दाखवलं, आणि मग म्हणाली, "आता शेअर्ड गोल. एकच उद्दिष्ट, पण सगळ्यांचं. एकदा बनवायचं, माणसं निवडायची, शेअर म्हणायचं. पडद्यावरची प्रगतीची पट्टी पुढं गेली तर सगळ्यांची जाते, मागं आली तर सगळ्यांची येते."

मला ते आवडलं होतं. ऑफिसात आणि खाली यंत्रांवर काम करणारी माणसं एरवी एकमेकांना ओळखायचीही नाहीत. आता निदान एक गोष्ट सगळ्यांची म्हणून असेल, असं वाटलं.

साहेबांनी पहिलं शेअर्ड उद्दिष्ट ठरवलं ते 'शून्य अपघात'. मी ते बनवलं, आणि मोठ्या साहेबांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना जोडलं. ठेकेदाराकडून आलेल्या बायकांकडं ॲप नव्हतं, म्हणून कॅन्टीनच्या भिंतीवर टीव्ही लावला आणि त्यावर दिवसभर ती पट्टी दिसायची सोय केली. हिरवी असली की सगळं ठीक. अपघाताची नोंद झाली की ती लाल व्हायची, आणि मग वर्ष संपेपर्यंत पुन्हा हिरवी होत नसे.

कॅन्टीनमध्ये मी हे समजावून सांगत होते तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "गोल म्हंजे वाटोळंच ना वो मॅडम?" सगळं कॅन्टीन हसलं. मीही हसले.

मग साहेब उठले. ते म्हणाले, "वर्षभर ही पट्टी हिरवी राहिली, तर पॅकिंगमधल्या ठेकेदाराकडच्या बायकांना कायम करायचा प्रस्ताव मी स्वतः वर पाठवतो." प्रस्ताव पाठवतो असं ते म्हणाले, पण ऐकणारीनं कायम करणार एवढंच ऐकलं. माझी जाऊ पुढच्याच बाकावर बसली होती. तिनं टीव्हीकडं असं बघितलं की जणू त्यात तिचं नाव दिसत होतं. दिरांच्या कंबरेचं दुखणं जुनं. कायम झालं की कंपनीच्या दवाखान्याचं कार्ड मिळतं, घरच्यांनाही चालतं. ती त्या कार्डाच्या आशेवर होती.

पहिले काही महिने मला आनंदच होता. आधी आठवड्यातून एखादी तरी नोंद यायची. कोणाचं बोट कापलं, कोणी ओल्या फरशीवर घसरलं, कोणाच्या हातावर गरम पाणी उडालं. आता एकही नाही. साहेबांनी पुण्याच्या मीटिंगमध्ये आमची पट्टी दाखवली.

मग एकदा प्रथमोपचाराच्या पेटीत सामान भरायला मी खाली गेले, तर पेटी रिकामी. पट्ट्या नाहीत, मलम पिळून चपटं केलेलं, कापूस संपलेला. नोंद एकही नाही, आणि पेटी रिकामी. मी पॅकिंग हॉलमधून परत निघाले. माल वाहणाऱ्या पट्ट्याशेजारच्या एका बाईनं मला बघितलं आणि हात ओढणीखाली घेतला. पुढच्या एकीनं हात टेबलाखाली नेला. आणखी एकीनं बोटाला गुंडाळलेली चिंधी मुठीत झाकली.

"काय झालं गं हाताला?" मी विचारलं.

"काय न्हाई मॅडम. घरी इळ्यानं कापलं."

मी जिना चढून वर आले आणि खुर्चीत बसले, पण कामाला हात लागेना. मला बघून बायका हात लपवत होत्या. मी त्यांची कोणी वैरीण नव्हते. त्यांच्याच गाडीतून येणारी, त्यांच्यातल्याच एकीची जाऊ. आपण सगळे मिळून काहीतरी झाकून ठेवतोय, ते काय आहे ते मात्र मला माहीत नाही, असं वाटलं.

वास आला तो थंडी सुरू झाल्यावर. वाटाण्याचा हंगाम जोरात होता. गेटबाहेर टेम्पो रांगेनं उभे असायचे. शीतगृह गार ठेवायला आमच्याकडं नळ्यांमधून अमोनिया फिरतो. नळ्यांत आहे तोवर बिचारा काही करत नाही. बाहेर थोडा आला तर डोळे चुरचुरतात, जास्त आला तर श्वास घेता येत नाही. हे आम्हाला सगळ्यांना शिकवलेलं होतं. खालच्या बोळातून जाताना एक दिवस माझ्या नाकात त्या वासाची कळ गेली. दुसऱ्या दिवशी नव्हती. तिसऱ्या दिवशी परत.

कॉम्प्रेसरच्या खोलीतला ऑपरेटर आमच्याच बाजूचा, मंचरजवळचा होता. मी त्याला दारात गाठून विचारलं, "भाऊ, वास येतोय का गॅसचा?"

"वास व्हय? वास तर थोडा आसतोच मॅडम. गॅसचंच काम हाये आपलं." तो हसला, पण हसताना त्यानं बोळाच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. मग आवाज उतरवून म्हणाला, "एका व्हॉल्व्हमधून जरासा येतोय. मी सांगितलंय वर. तुमी लिहिणार हाय का कुठं?"

"नाही, नुसतं विचारते."

"नका लिहू. बायांचं नुकसान व्हईल."

मी साहेबांकडं गेले. ते वाईट नव्हते. दोन रात्री घरी न गेल्यासारखा त्यांचा चेहरा होता. ते म्हणाले, "वास म्हणजे अपघात नाही. व्हॉल्व्ह बदलायचा तर सगळा प्लांट थांबवावा लागतो. दारात माल उभा आहे, तो सडेल. हंगाम संपला की पहिलं काम तेच."

"तोवर काही झालं तर?"

"तोवर ऑपरेटर लक्ष ठेवून आहे." ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. "आणि त्या उद्दिष्टाला हात लावू नका. तुमच्या एका क्लिकवर सगळ्यांचं आहे ते."

त्या दिवसापासून मी जिन्यानं उतरताना आधी नाकानं हवा घ्यायची. घरी भाजी फोडणीला टाकली तरी दचकायची. गाडीत जाऊ शेजारी बसायची तेव्हा तिच्या डोळ्यांकडं बघायची. ते लाल असायचे. अवसरीच्या घाटात एका संध्याकाळी तिला खोकल्याची उबळ आली आणि गाडी घाट उतरली तरी थांबेना.

"ताई, गॅसमुळं होतंय हे," मी म्हणाले.

"सर्दी हाये."

"सर्दी नाही ही. मी उद्या नोंद करते."

तिनं माझं मनगट धरलं. तिचे हात गार मालात काम करून खरखरीत झालेले. "तू काय बी लिहायचं न्हाई. किती वरसं उभी हाये मी त्या पट्ट्यापाशी, तुला म्हाईत हाये ना? आता दोन म्हयने राह्यले. माझ्या एका खोकल्यापायी सगळ्या बायांचं घालवू? मला गाडीत कोण बसू दील?"

दुसऱ्या दिवशी मी नोंद केली नाही. मलाही त्याच गाडीत बसायचं होतं.

तो दिवस उजाडला तेव्हा धुकं होतं, बाकी काही वेगळं नव्हतं. जेवणाची सुट्टी व्हायच्या थोडं आधी मी खिडकीतून खाली बघितलं, तर पॅकिंगच्या बायका रांगेनं बाहेर पडत होत्या. टोप्या, ॲप्रन, गमबूट तसेच घातलेले. कोणी बोलत नव्हतं. आमच्या बायका कधीही गप्प चालत नाहीत. त्यांच्यापुढं सुपरवायझर उलटा चालत होता, दोन्ही तळवे खाली दाबत, हळू, हळू अशी खूण करत. काही बायकांनी पदर नाकाला लावला होता.

मी जिन्यात आले तर वास तिथपर्यंत पोचला होता. आतापर्यंत यायचा तसला नाही. घशाला लागणारा.

मी मागच्या दारानं फिरून गेटपाशी गेले. बायका भिंतीच्या कडेनं उभ्या होत्या, वारा पाठीमागं घेऊन. मी एकेक चेहरा बघत गेले. टोप्यांमध्ये सगळ्या सारख्या दिसतात. परत पहिल्यापासून बघितलं.

"माझी जाऊ कुठाय?"

एकीनं दुसरीकडं बघितलं. "ती कोल्डमधी गेलीया. लेबलं बदलाया."

"एकटी?"

"हां."

शीतगृहाचं दार जाड असतं. आत मोठे पंखे चालू असतात. आतल्या माणसाला बाहेर कोणी हाक मारली तरी कळत नाही, वास तर नाहीच. काम संपवून ती दार उघडून बाहेर आली असती तर सरळ त्या बोळात आली असती, जिथं गॅस भरत होता. मी सुपरवायझरकडं धावले.

"सायरन का वाजवला नाही?"

"गरज नाही मॅडम. ऑपरेटर आत आहे, व्हॉल्व्ह बंद करतोय. पाच मिनिटं."

"ताई आत आहे शीतगृहात!"

त्याचा चेहरा पडला. त्याला ते माहीत नव्हतं. तरी तो म्हणाला, "मी बघतो. आणतो तिला. सायरन नको. सायरन पार हायवेच्या पलीकडं जातो. गाव गोळा होईल, पोलीस येतील. मग नोंद टाळता कशी येईल? तुम्हालाच लाल करावं लागेल."

तो बोलत होता तोवर मी नळाखाली ओढणी भिजवली आणि तोंडाला गुंडाळून आत शिरले. मी शूर नाही. कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलणारी मी. त्या वेळी नुसतं ती आत आहे एवढंच डोक्यात होतं.

बोळात दिवे चालू होते. कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दाराखालून पांढरं धुकं येत होतं आणि फरशीवर पसरत होतं. ते माझ्या घोट्यांपर्यंत होतं. डोळ्यांत सुया टोचल्यासारखं झालं आणि पाण्याच्या धारा लागल्या. शीतगृह बोळाच्या दुसऱ्या टोकाला, धुक्याच्या पलीकडं. सायरनचं लाल बटण अलीकडच्या कोपऱ्यावर, काचेमागं. शीतगृहापर्यंत मी पोचू शकत नव्हते. दोन पावलं टाकली तर छाती आवळली आणि मी परत भिंतीला टेकले.

मागून सुपरवायझर आला होता. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी बटणाकडं हात नेला तसा त्यानं तो धरला.

"मॅडम, विचार करा. तुमच्या घरातलंच माणूस कायम होणार आहे ना? ती माफ करेल का तुम्हाला?"

खरं सांगते, माझा हात थांबला. ती माफ करणार नाही हे मला माहीत होतं. गाडीतल्या सगळ्या बायकांचे चेहरे समोर आले. आत्ता ऑपरेटर व्हॉल्व्ह बंद करेल, पाच मिनिटांत सगळं निवळेल, आणि मी उगाच सगळ्यांचं वर्ष बुडवलं असं होईल, हेही मनात आलं. तेवढ्यात कॉम्प्रेसरच्या खोलीतून ऑपरेटरचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसता आवाज. गळा आवळलेल्या माणसाचा असावा तसा.

काच फोडायची हातोडी साखळीला नव्हती. कोणीतरी कधीतरी नेलेली. मी पायातली चप्पल काढली आणि टाचेच्या बाजूनं काचेवर मारली. पहिल्यांदा फुटली नाही. दुसऱ्यांदा फुटली. मी बटण दाबलं.

सायरन इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. सराव म्हणून कधी तो वाजला असेल तेव्हा मी वर ऑफिसात, खिडक्या बंद करून बसलेली. तो छातीत वाजला. सुपरवायझरनं मला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं आणि मग तोच तोंडाला रुमाल बांधून ऑपरेटरसाठी आत गेला. हे मी त्याच्याबद्दल आवर्जून सांगते.

गेटपाशी मी गुडघ्यांवर बसले. डोळे उघडत नव्हते. कोणीतरी तोंडावर पाणी मारत होतं. मी विचारत होते, "आली का? ताई आली का?" किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. त्या वेळात मी दिरांना काय सांगायचं ते मनात बोलून बघितलं. घरात शिरताना आधी कोण दिसेल, तेसुद्धा.

मग मागच्या बाजूनं, माल चढवायच्या धक्क्याकडून, फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस तिला दंडाला धरून घेऊन आला. अंगात शीतगृहाचा जाड कोट, ओठ निळे पडलेले. ती चालत होती, पण पाय कुठं पडतायत तिकडं तिचं लक्ष नव्हतं. मी उठून तिला धरायला गेले. तिनं माझ्याकडं बघितलं, सायरनकडं कान दिला, मग माझ्या एका पायातल्या चपलेकडं बघितलं.

"तू वाजवला?"

"हो."

"मी येतच व्हते बाहेर," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

ऑपरेटरला मंचरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. त्याचा हात भाजला होता आणि घसा सुजला होता. तो काही दिवस तिथं राहिला आणि बरा होऊन आला. बाकीच्यांचे डोळे धुऊन संध्याकाळी घरी सोडलं. गावातली माणसं मोटारसायकलींवरून आली, गेटबाहेर थांबून गेली. सगळं शांत झाल्यावर साहेबांनी मला वर बोलावलं. ते खिडकीपाशी पाठ करून उभे होते.

"करा नोंद," ते म्हणाले.

मी कॉम्प्युटर उघडला. 'शून्य अपघात'वर गेले, अपघात झाला असं लिहिलं, जतन करा दाबलं. पट्टी लाल झाली. त्याच वेळी खाली आवारात उभ्या असलेल्या माणसांच्या खिशातले फोन वाजले, एकामागोमाग एक. कोणी फोन बाहेर काढून बघितला, कोणी बघितलाच नाही. नोंद करणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.

त्यानंतरचे दिवस मला गॅसपेक्षा जड गेले. गाडीत माझ्या शेजारची जागा मोकळी राहायची, माणसं उभी राहायची पण तिथं बसायची नाहीत. जाऊ मागच्या सीटवर. घरातही ती माझ्याशी थेट बोलायची नाही. स्वयंपाकघरात दोघीच असलो तर तिच्या मुलाला हाक मारून सांगायची, "तुझ्या काकूला म्हणावं मीठ संपलंय." कॅन्टीनमध्ये मी जायचंच सोडलं. बाथरूममध्ये असताना बाहेर बायकांचा आवाज आला की त्या जाईपर्यंत आतच थांबायची. एकदा मी आतून ऐकलं, "पाच मिनटं थांबली आसती तर काय मेली आसती का?" खरंच कदाचित पाच मिनिटांत सगळं निवळलं असतं. मी रोज तेच मनात घोळवत होते, आणि नोकरी जाईल म्हणून घाबरत होते ते वेगळं.

नोकरी गेली नाही. पुण्याहून माणसं आली, आठवडाभर प्लांट बंद ठेवला, व्हॉल्व्ह बदलले. वाटाण्याचे टेम्पो परत गेले. बायकांच्या कायम होण्याचा प्रस्ताव त्या वर्षी गेला नाही. पुढच्या वर्षी गेला, त्यात निम्म्या बायका कायम झाल्या. जाऊचं नाव अजून यादीत यायचं आहे.

चौकशीला आलेल्यांमधल्या एका बाईंनी मला 'शून्य अपघात' काढून टाकायला सांगितलं. त्याऐवजी नवं शेअर्ड उद्दिष्ट बनवायचं होतं. धोका दिसला की सांगायचं, जितकं जास्त सांगाल तितकी पट्टी पुढं. सांगणाऱ्याचं नाव दाखवायचं नाही. मी ते बनवलं, माणसं निवडली, आणि शेअर म्हणायची वेळ आली तेव्हा माझा हात माउसवर तसाच राहिला. शेवटी त्या बाईंनीच माझ्या खांद्यावरून वाकून क्लिक केलं.

बरेच दिवस कोणी काही सांगितलं नाही. मग कॅन्टीनचा नळ गळतो, अशी एक नोंद आली. मग सायकल स्टँडचा पत्रा हलतो, अशी. चेष्टेनंच करत असावेत. पण मी त्या दोन्ही दुरुस्त करून घेतल्या, आणि हळूहळू खरं काहीबाही यायला लागलं.

अपघातानंतरचा उन्हाळा संपत आला होता. चहाच्या सुट्टीत जाऊ जिना चढून वर आली. इतक्या वर्षांत ती कधी वर आली नव्हती. टोपी हातात घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"लिहून घे," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती थेट माझ्याशी बोलत होती. "कोल्डच्या दाराची आतली मूठ आडकती. आतनं दार उघडत न्हाई."

मी लिहायला लागले. "कधीपासून?"

"कधीपासून ते म्हाईत न्हाई. मला त्या दिवशी कळलं."

मी पडद्यावरून नजर काढून तिच्याकडं बघितलं.

"लेबलं झाली, मी मूठ ढकलली तर हालंना. बरफ धरला व्हता. लई वाजवलं दार. लाथा बी घातल्या. पंख्याच्या आवाजात कोण ऐकतंय. मग खाली बसले." ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. "मग भोंगा झाला. भोंगा झाला की खोल्या उघडून बघायचं काम त्या फोर्कलिफ्टवाल्याचं हाये. तो बी सगळ्यांसंगं बाहेर गेला व्हता, त्याला कुणी काय सांगितलंच नव्हतं. भोंगा ऐकून पळत आला आन् मागलं मालाचं दार उघडलं, ते बाहेरनंच उघडतंय."

"ताई, तू म्हणालीस बाहेर येतच होते."

"म्हणाले."

"इतके महिने बोलली का नाहीस?"

"तुझ्यावर राग धरला व्हता. राग धरला की ती खोली आठवायची न्हाई." तिनं टोपी डोक्यावर घातली. "आता रोज तिथंच जायाचं, तर आठवतीच. लिहिलंस का?"

मी लिहिलं. ती गेल्यावर मला ते उमगलं. त्या दिवशी बटणापाशी माझा हात थांबला होता, तेवढा वेळ ती दाराच्या पलीकडं खाली बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं मूठ बदलली. सॉफ्टवेअरमध्ये काम पूर्ण झालं असं मला भरायचं होतं, पण बघितल्याशिवाय मी भरणार नव्हते. सुट्टी झाल्यावर खाली गेले. जाऊ तिथंच होती.

"मी आत जाऊन बघते," मी म्हणाले.

"तू नगं. मलाच बघाया हवं." तिनं कोट चढवला, आत गेली आणि दार ओढून घेतलं.

मी बाहेर उभी राहिले. दार बंद झाल्यावर आतला पंख्याचा आवाज दबला. मी दाराकडं बघत होते. ते हलेना. मी वाट बघितली. अजून हलेना. माझ्या कपाळावर घाम आला, आणि मग मला थांबवेना. बाहेरची कडी दोन्ही हातांनी धरून मी दार खेचलं.

ती दाराच्या अगदी मागंच उभी होती. एक हात मुठीवर ठेवलेला.

"अडकली का?" मी ओरडलेच.

"न्हाई. चांगली चालती. दोनदा फिरवून बघितली." तिनं कोट काढला आणि खुंटीला अडकवला. "थांबले व्हते जरा. भ्या जातंय का बघत व्हते."

"गेलं?"

"न्हाई," ती म्हणाली. "चल, गाडी सुटंल."